तारण वापस घेणारे काका

येशूवर विश्वास ठेवनाऱ्याले तारण, म्हंजे पापातून सुटका, देव देते, पन ते वापस घ्यायचं खातं पुऱ्या नागपुरात एकट्या आमच्या मंडळीतल्या काकांकडे होतं. लकडगंजात लाकूड कापायच्या आरामशीनवर त्यांची जिंदगी लाकडं मोजन्यात गेली. रिटायर झाले, पन टेप खिशातच राह्यला, आन् दर रविवारी चर्चमधी मानसं मोजनं सुरू झालं. प्रार्थनेत कोनी जांभई दिली, का काकांचं बोट वर. "गेलं!" उपदेश चालू असताना कोनी मोबाइल पाह्यला. "गेलं!" मी भिवापूरहून शिकायले आलेलो, भुकेला जीव. शेजाऱ्याच्या घरच्या पूजेत प्रसादाच्या पाच पुऱ्या हानून आलो, तं माह्यंही गेलं. म्हनलं, "काका, पाच पुऱ्यांत तारण गेलं?" तं म्हनते, "एकाच पुरीत गेलं बे! चार तं तू वरून खाल्ल्या."

पास्टर बिचारे समजावत, "काका, देवानं एकदा वाचवलं म्हणजे वाचवलं." काका कायले ऐकतात! "विहिरीतून काढलेला मानूस परत उडी मारू शकते का नाही? सांगा!" नाताळात मी स्टेजवर त्यांची नक्कल केली, पब्लिक लोटपोट. खाली उतरलो तं काका समोर उभे. म्हनते, "आवाज जमला. बोट जरा ताठ पाह्यजे."

मंग काकू विसरू लागली. पह्यले भाजीतलं मीठ, मंग घरचा रस्ता, मंग लहानपनापासून पाठ असलेली प्रार्थना. एका रविवारी प्रभुभोजनाची भाकर आन् प्याला फिरत असताना तिनं बाजूच्या बाईले जोरात विचारलं, "हा येशू कोन वं? आपल्या गल्लीतला काय?"

कोनी हासलं नाही. सारी मंडळी काकांच्या बोटाकडे पाहून राह्यली. ते बोट काकूच्या पदरावर सांडलेला द्राक्षरस पुसत होतं.

बाहेर येऊन त्यायनं पास्टरले धरलं. "तिनं उडी नाही मारली न जी. पाय घसरला तिचा. घसरलेल्याचं बी जाते काय?"

"नाही जात, काका."

"तुम्ही तं सगळ्यायलेच नाही म्हनता," काका बोलले, आन् काकूचा हात धरून चालले गेले.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. काकू व्हरांड्यात बसली होती. काकांनी तिच्यासमोर चहा ठेवला. तिनं त्यांच्याकडे निरखून पाह्यलं.

"तुम्ही कोन जी?"

काकांनी कपाचा कान तिच्याकडे फिरवला. "पाहुनाच समजा, बाई."

"मंग बसा न. आमचे हे येतच असतीन कामावरून. त्यायले भेटल्याबिगर जाऊ नोका."

काकांनी माह्याकडे पाह्यलं. साऱ्या गावाचे आवाज काढनारा मी, उठून एक खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"बसतो," काका म्हनले. खुर्ची तिच्याजवळ ओढली, आन् तिच्यासंगं तेही फाटकाकडे पाहत बसले.