पालथा हात

साताऱ्यातल्या अत्तराच्या दुकानात विकणारी मुलगी म्हणाली, "ताई, हा बघा, वसंतातल्या फुलांचा, लय हलका वास हाय," आणि मी नकळत हात पालथा करून पुढे धरला. लहानपणी वाईत चैत्रातल्या हळदीकुंकवाला अत्तर असंच हातावर लावत. वडील गेले त्या वर्षी बोलावणं फक्त मला आलं, आईला नाही. मी मोगऱ्याचं अत्तर लावून घेतलं आणि पुसलं जाऊ नये म्हणून हात अंगापासून लांब धरून उन्हातून घरी पळत आले. आई कैरी किसत होती. मी माझा हात तिच्या हातावर घासला. "वेडे, कैरीचे हात आहेत माझे," ती म्हणाली. पण किसणी बाजूला ठेवली आणि संध्याकाळपर्यंत त्या हाताला पाणी लावलं नाही. आज दुकानातून निघाले तर हात तसाच लांब धरलेला, पावलं वाईच्या गाडीकडे घाईने पडत होती, आणि स्टँडपाशी आल्यावर आठवलं, की तेराव्यानंतर आईच्या घराला कुलूप मीच लावून आले आहे.