रोवीना पेकेटचं आवाजी मत

रोवीना पेकेट आमची आमदार होती आणि दर सोमवारी शाळेची बस चालवायची. राज्याच्या राजधानीत, मोंटपीलियरला, विधानसभा मंगळवारी बसते आणि शुक्रवारी उठते, म्हणून सोमवार तेवढा तिचा मोकळा. बाकीच्या दिवशी बदली ड्रायव्हर यायचा आणि पोरं त्याला रडकुंडीला आणायची. रोवीनापुढे मात्र कुणाची टाप नव्हती. ती ओरडायची नाही. नुसती आरशात बघायची.

आमदारकीला ती उभी राहिली, कारण दुसरं कुणी उभं राहीना. आधीचे म्हातारबुवा दुखरे गुडघे घेऊन उबदार फ्लोरिडाला गेले, आणि आमचं ईस्ट टार्बेल आणि शेजारचं मार्लो अशा दोन गावांतून एकही माणूस पुढे येईना. "हिवाळ्यात नाहीतरी मी घरी काय करते?" असं म्हणून तिने अर्ज भरला. तिचा नवरा अर्मांड माझा चुलतभाऊ. तो म्हणाला होता, "जा, पण गाडीत बर्फाचं फावडं ठेव." त्याचा निवडणूक प्रचार एवढाच.

महिन्यातून एकदा ती गावासाठी एक पान लिहायची. ते ऑर्विल स्टॉडर्डच्या दुकानात गल्ल्याशेजारी लागायचं, पोस्टात लागायचं, वाचनालयाच्या दारावर लागायचं. वर कायदे: कुठलं विधेयक कुठल्या समितीत अडकलं, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकायच्या मिठाला यंदा राज्य किती मदत देणार. खाली गावातल्या गोष्टी: चर्चमधलं चिकन पायचं जेवण, कुत्र्यांच्या लशी, कुणाच्या कोठारात नाच आहे. लोक ते पान खालून वर वाचायचे, आणि बरेचजण अर्ध्यातच थांबायचे.

त्या फेब्रुवारीत मात्र सगळ्यांनी वरपर्यंत वाचलं. लहान शाळांचं विधेयक विधानसभेत मंजूर झालं होतं. ज्या शाळेत वर्गाला पुरेशी मुलं नाहीत ती शेजारच्या शाळेत मिसळायची, असं ते विधेयक. रोवीनाने लिहिलं होतं: "आपली शाळा यात येते. मतदान आवाजी झालं. मी 'हो' म्हटलं. गावसभेत तुमच्यासमोर उभी राहीन, तेव्हा विचारा." आणि लगेच खाली: "शनिवारी अग्निशमन दलाचा पॅनकेक नाश्ता. मेपलचा पाक यंदाचा आहे."

ते पान लागलं त्या दिवशी मी खिळे घ्यायला दुकानात गेलो होतो. ऑर्विल गल्ल्यामागे नुसता धुमसत होता. शाळेच्या छताचे वासे त्याच्या बापाने आपल्या जंगलातून फुकट दिलेले.

"वाचलंस का, विलार्ड? आपल्याच बाईने आपल्याच पाठीत सुरा खुपसला!"

"पाठीत कुठे? समोर लिहून दिलंय तिने."

"तू तिचा नातेवाईक. तू गप्प बस."

मी नातेवाईक होतो आणि गावसभेचा अध्यक्षही होतो, त्यामुळे मला दुप्पट गप्प बसणं भाग होतं. तरी रविवारी मी तिच्या घरी गेलोच. ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती.

"आवाजी मतदान होतं ना?" मी म्हटलं. "दीडशे माणसं एकदम ओरडतात. तू काय ओरडलीस ते कुत्र्यालाही कळलं नसतं. लिहायची काय गरज होती?"

"ऑर्विल मला विचारणारच होता," ती म्हणाली. "आणि त्याने तोंडावर विचारलं असतं तर मी खोटं बोलले असते. मी ओळखते ना स्वतःला. म्हणून आधीच लिहून टाकलं."

"पण 'हो' का म्हणालीस?"

तिने सुरी खाली ठेवली. "ते मला सांगता येणार नाही. गावसभेत काहीतरी सांगेन. पण खरं ते नाही."

खरं काय ते मला कितीतरी उशिरा, जोलीन डेसिलेट्सच्याच तोंडून कळलं. जोलीन शाळेत स्वयंपाक करते. तिची मुलगी वेरा सहावीत होती, आणि सहावीत ती एकटीच. ना मैत्रीण, ना भांडायला कुणी. गावाला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. एकटीला एक मास्तरीण म्हणजे राणीचा थाट, असं लोक कौतुकाने म्हणायचे. जानेवारीतल्या एका सोमवारी रोवीनाने पोरांना शाळेशी उतरवलं आणि बस गावाबाहेरच्या शेडमध्ये नेऊन लावली. उतरण्याआधी मागच्या बाकांपर्यंत एक चक्कर मारायची, कुणी झोपून राहिलं नाही ना बघायला, असा नियम आहे. शेवटच्या बाकाखाली वेरा दप्तर कवटाळून पडली होती. बाहेर थुंकी गोठेल अशी थंडी. रोवीनाने चक्कर चुकवली असती तर दुपारपर्यंत त्या पोरीचं काय झालं असतं, हा विचार तिला पुढे कित्येक दिवस झोपू देत नव्हता.

"शाळेत नाही जाणार," वेरा म्हणाली होती. "मला इथेच राहू दे. इथे निदान कुणी नाही हे खरं तरी आहे."

रोवीनाने फोन केला तशी जोलीन धावत आली आणि तिच्या हाता-पाया पडली. एकटी बाई, नवरा सोडून गेलेला. सरकारी माणसं चौकशीला येतील, पोरीला नेतील, गाव पोरीला वेडी ठरवेल. "कुणाला सांगू नका. शपथ घ्या." रोवीनाने शपथ घेतली. महिन्याभराने विधेयक मतदानाला आलं.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरली. त्या आठवड्यात विधानसभेला सुट्टी असते. शाळेचाच हॉल. एरवी निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. त्या दिवशी लोक भिंतीला टेकून उभे होते. दारात चिखलाच्या बुटांचा ढीग, मागच्या टेबलावर जेवणाची भांडी, आणि बीन्सच्या मोठ्या पातेल्याजवळ जोलीन, डाव हातात घेऊन. रोवीना तिसऱ्या रांगेत, अर्मांडशेजारी. तिच्या दुसऱ्या बाजूची खुर्ची मोकळी होती. माणसं उभी होती, पण तिथे कुणी बसलं नाही.

अर्थसंकल्प झाला, रस्त्याच्या यंत्राची खरेदी झाली. नेहमी तासभर भांडणं होतात. त्या दिवशी कुणी हूं की चूं केलं नाही. सगळे थांबले होते. मी म्हटलं, "आता आमदार पेकेट यांचा अहवाल."

ऑर्विल उठला. "अध्यक्षमहाराज, हा अहवाल विषयपत्रिकेवर नाही. त्याला सभेची परवानगी लागते. ती देऊ नये, असा माझा प्रस्ताव आहे."

नियमाने तो बरोबर होता. इतकी वर्षं कुणी परवानगी विचारलीच नव्हती. मी मत घेतलं. दोन्ही बाजूंनी असा कल्ला झाला की खिडक्यांची तावदानं थरथरली. काही कळेना. मग उभं राहून मोजणी. "बोलू द्या" म्हणणारे मोजक्याच डोक्यांनी जास्त भरले, आणि त्यातले निम्मे तिला सोलायला मिळावं म्हणून उभे राहिले होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवरूनच दिसत होतं.

रोवीना पुढे आली. हातात कागद नव्हता. मुलं किती उरली, छताला किती खर्च आहे, मार्लोच्या शाळेत विज्ञानाची खोली कशी आहे, असं ती सांगत गेली. आवाज सपाट. ती जे सांगत होती ते खरं होतं, पण तिचं मन त्यात नव्हतं, आणि लोकांना ते ऐकू येत होतं.

"एक गोष्ट राहिली," ऑर्विल मधेच म्हणाला. "शाळा मार्लोला गेली की बसची फेरी लांबणार. ड्रायव्हरचे तास वाढणार. ड्रायव्हर कोण, ते सगळ्यांना माहीत आहे."

हॉलमध्ये हशा पिकला. असला हशा मला आवडत नाही. मी हातोडा आपटला.

"वाढतील," रोवीना म्हणाली. "तासही वाढतील आणि पगारही. खरंय ते."

हशा एकदम थांबला. तिने झटकून टाकलं असतं तर लोक तुटून पडले असते. कबूल केल्यावर काय करायचं ते त्यांना सुचेना. मग ऑर्विल पुढे सरकला.

"ठीक. मग मला एका पोराचं नाव सांग. फक्त एका. ज्याचं या शाळेत वाईट झालंय."

मी व्यासपीठावर होतो, म्हणून मला पूर्ण हॉल दिसत होता. मागे जोलीनचा डाव पातेल्याच्या काठावर टेकलेला राहिला. रोवीनाने तिकडे पाहिलं नाही. तिने कुणाकडेच पाहिलं नाही. ती समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

"नाव नाही सांगणार."

"नाव असलं तर सांगेल ना!" कुणीतरी मागून ओरडलं.

"अहो, ती वेरा बघा की!" ऑर्विल म्हणाला. "अख्ख्या वर्गात एकटी. हिच्या हिशेबाने तिचे तर हालच व्हायला हवेत! ही काय तिची आई उभी आहे. जोलीन, सांग गं, तुझ्या पोरीचं काय वाईट चाललंय इथे?"

"ऑर्विल, प्रश्न अध्यक्षांमार्फत विचारायचा!" मी हातोडा आपटला, पण उशीर झाला होता. सगळी डोकी मागे वळली होती. जोलीनच्या गळ्यापासून कानापर्यंत लाली चढत गेली. रोवीना अजून घड्याळाकडेच बघत होती.

"बरं चाललंय," जोलीन म्हणाली. "छान चाललंय तिचं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऑर्विलने रोवीनाकडे वळून नुसते हात पसरले.

तिच्याकडे एक वाक्य होतं. ते उच्चारलं असतं तर हॉल जागच्या जागी गोठला असता. तेव्हा मला ते वाक्य माहीत नव्हतं. पण ती काहीतरी गिळते आहे एवढं स्पष्ट दिसलं.

"माझं झालं," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

विधेयकाविरुद्धचा ठराव असा मंजूर झाला की मोजायची वेळच आली नाही. जेवणाच्या वेळी पेकेट नवराबायको एका लांबलचक टेबलाच्या टोकाला बसले. मी गेलो तेव्हा तिघे झालो. जोलीन बीन्स वाढत आली. रोवीनाच्या ताटात तिने वाढलं आणि पुन्हा वाढलं, आणि पुढे गेली.

दुपारी जोलीनने तिला शाळेच्या पायऱ्यांवर गाठलं.

"मी खोटं बोलले."

"दुसरं काय करणार होतीस, इतक्या लोकांत?"

"तुम्ही सांगून टाकायचं होतं. मी थोडीच नाही म्हटलं असतं?"

"म्हटलं असतंस," रोवीना म्हणाली. "आणि वेरा पुन्हा कधी माझ्या बसमध्ये चढली नसती. जा, तुझं पातेलं घासायचं राहिलंय."

विधेयक पुढे वरच्या सभागृहात, सिनेटच्या समितीत जाऊन पडलं ते पडलंच. शाळा वाचली. नोव्हेंबरातल्या निवडणुकीत रोवीना पडली. मार्लोचा एक जमीनजुमल्याचा दलाल निवडून आला. आमच्या गावात त्याला कुणी फारसं ओळखत नव्हतं, हाच त्याचा फायदा झाला.

त्याआधी, सप्टेंबरात, जोलीनने खटपट करून वेराला मार्लोच्या शाळेत घातलं होतं. पहिले पंधरा दिवस पोर रडत घरी यायची. ऑक्टोबरात वर्गात फार बडबड करते म्हणून तिची तक्रार आली, आणि जोलीन ती चिठ्ठी फ्रीजवर लावून बसली. ऑर्विल तिच्याशी बोलेनासा झाला होता. निवडणुकीनंतरच्या आठवड्यात ती दूध घ्यायला गेली, तेव्हा त्याने चारचौघांत टोमणा मारला, "काय, आमची शाळा वाचवून झाल्यावर तुम्हीच पळालात?"

जोलीनने दूध गल्ल्यावर ठेवलं आणि बसच्या बाकाखालची गोष्ट अथपासून इतिपर्यंत सांगितली. मी तिथे होतो. कॉफीच्या किटलीचं बटण दाबायचंसुद्धा कुणाला भान राहिलं नाही.

"हे आधी का नाही सांगितलंस?" ऑर्विल म्हणाला.

"तुम्ही विचारलंत कसं, ते आठवा," ती म्हणाली. आणि मला, जाताजाता: "आता कुणालाही सांगा. वेराच म्हणाली, सांग."

ऑर्विल रोवीनाकडे गेला की नाही, मला माहीत नाही. गेला असला तर दोघांपैकी कुणी बोललं नाही.

पुढच्या मार्चला गावसभा भरली. खुर्च्या पुन्हा निम्म्या रिकाम्या. नव्या आमदाराने निरोप पाठवला होता की कामामुळे येता येत नाही, सर्वांना शुभेच्छा. मी तो वाचून दाखवला. ऑर्विल उठला, टोपी हातात.

"अध्यक्षमहाराज, मोंटपीलियरला काय चाललंय ते इथे कुणाला ठाऊक आहे का?"

बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. एकेक करून सगळेच मागच्या रांगेकडे वळले. तिथे रोवीना लोकरीचा मोजा विणत बसली होती.

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "मला तुम्ही घरी पाठवलंत."

लोक हसले, मोकळं हसले, आणि मग थांबले, कारण ती हसत नव्हती. ऑर्विल उभाच होता. अर्मांडने तिला कोपराने ढोसलं. मी हातोडा हातात धरून वाट पाहिली, अध्यक्षाने पाहावी त्यापेक्षा जास्तच.

ती उठली नाही. सुया चालूच राहिल्या. ऑर्विल हळूहळू खाली बसला, आणि मी पुढचा विषय वाचला.