पायजम्याचा उजवा पाय

दोन हजार बावीस साल. माझं वय अडुसष्ट. आधार कार्डावर एकाहत्तर, पण ते कार्डाचं वय, माझं न्हाई.

हरभरा काढल्यामुळं वडीगोद्रीजवळचं आमचं रान मोकळं होतं. मधोमध माझं बुजगावणं उभं होतं. बांबू अन् त्यावर माझा जुना पायजमा. डावा पाय फाटून गेल्ता. उजव्यात म्या तार घालून तो पश्चिमेकडं आडवा, ताठ केल्ता. तिकडं चुलतभावाचं घर. नांगरताना त्यानं बांध कोरला, म्हणून दिवाळीपासून ही लाथ त्याला चालू होती. बायको सोडून कुणाला सांगितलं न्हाई. माझं मला समाधान.

त्या दुपारी पांढरं, लांब पंखांचं विमान आलं. आवाज बिलकुल न्हाई. चुलतभावाच्या घरावरून खाली येऊन माझ्या रानात टेकलं, पण थांबंना. पार पूर्वेला, माझ्या घराशेजारच्या कडब्याच्या गंजीत घुसलं. एक पंख मोडला. आतून पोरगी निघाली. केसांत कडबा, बाकी बराबर.

गाव जमलं. चुलतभाऊबी आला.

"डिझेल संपलं असंल," तो म्हणाला.

"ग्लायडर आहे, काका. याला इंजिनच नसतं," पोरगी म्हणाली.

"हेच कारण!" म्या जाहीर केलं.

पोरगी माझ्याकडं वळली. "आजोबा, वारा तोंडावर घेऊन उतरावं लागतं, म्हणजे तो थोपवतो. वरून तुमचा पायजमा दिसला. पश्चिमेकडं उडतोय, म्हणजे वारा पूर्वेचा, असं धरलं. पण वारा निघाला पश्चिमेचा. त्यानं पाठीमागून ढकललं."

लोक गंजीत डोकावत होते, तेवढ्यात जाऊन बांबू आडवा पाडला अन् परत येऊन पायजमा बुडाखाली घेऊन बसलो. पोरीनं पाहिलं.

जीपमधून तिला शिकवणारे साहेब आले. "वाऱ्याला पाठ देऊन उतरलीस? का?"

"सर, तिथं एक पायजमा होता."

"कुठं आहे?"

पोरीनं एकदा माझ्याकडं पाहिलं अन् मान खाली घातली.

"चूक करून वर खोटं बोलतेस? आजपासून तुझं उडणं बंद!"

बायको माझ्या कानाशी आली. "अव, उठा की! पोरीचं वाटोळं करून राह्यले."

"चुलतभावासमोर? न्हाई."

पोरगी डोळे पुसायला गेली, तर हाताला चिकटलेला कडब्याचा भुसा नाकात गेला. रडता रडता शिंकायला लागली. मला बघवंना. मंग उठलो. तार टोचून राह्यल्ती हे खरं, पण उठलो ते त्यामुळं न्हाई.

"साहेब, पायजमा माझा, तार माझी. वाऱ्याचा काई संबंध न्हाई. लाथ होती ती. ह्याला!"

साहेबांनी पायजमा उलटासुलटा पाहिला अन् इतके हसले की जीपला टेकले. "बरं, तुझं उडणं चालू," ते पोरीला म्हणाले.

चुलतभाऊ मात्र बघतच राह्यला. "लाथ? अरे, म्या तर पाव्हण्यांना सांगतो, पायजम्याच्या पायाकडं वळा, तिकडंच आमचं घर. मला वाटलं, तू माझ्यासाठीच लावलाय."

एवढा अपमान माझा जन्मात झाला न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायजमा परत उभा केला, तार काढून. वारा पश्चिमेचाच होता. पाय वळला माझ्या दाराकडं.

"अरे, माझा नवा जावई पहिल्यांदाच येऊन राह्यला! पाय इकडं कर!" चुलतभाऊ बांधावरून ओरडला.

ऐकलं न्हाई. जावई सरळ आमच्या घरी आला. त्याला चहा पाजला, मंग चुलतभावाचं घर दाखवलं. हातानं.