टाकीत हवा कोठून येते

साळवे मॅडम तिसऱ्यांदा गॅरेजमध्ये आल्या, तेव्हा त्यांची गाडी उत्तम चालत होती. अडचण तीच होती.

मॅडम जालन्यात राहतात आणि वडीगोद्रीजवळच्या एका शाळेत शिकवतात. गाडी सोळा वर्षांची, पेट्रोलवरची, फ्युएल इंजेक्शनची. आठवड्यातून तीन-चार वेळा ती रस्त्यात बंद पडे. दहा-पंधरा मिनिटे थांबले की सुरू होई. गॅरेजमध्ये मात्र तासभर इंजिन चालू ठेवले तरी एकदाही चुकत नसे.

पहिल्या खेपेला मी टाकीतला पेट्रोलचा पंप बदलला. दुसऱ्या खेपेला क्रँक सेन्सर बदलला. इंजिन फिरत आहे की नाही, हे संगणकाला कळवणारा हा छोटा भाग. तो तापला की गाडी बंद पडते आणि निवला की चालते, असा आमचा नेहमीचा अनुभव. लक्षण जुळत होते, म्हणून मी पुढे तपासले नाही. काढलेले दोन्ही भाग चांगले होते. ती चूक माझी.

"काका, आता शेवटचं बघा," मॅडम म्हणाल्या. "मी रस्त्यात अडकते अन् आई घरी उपाशी बसून राहते. या वेळी न्हाई जमलं तर भाऊ तिला नाशिकला घेऊन जाणार आहे."

"आईंचे म्हणणे काय?"

"ती म्हणते, मला जालन्यातच राहू द्या. तिला डोळ्यांनी दिसत न्हाई काका. इथलं घर तिला हातानं पाठ आहे. तिथं भिंती चाचपत बसेल."

रफिक वीस वर्षांपासून माझ्याकडे काम करतो. तो म्हणाला, "उस्ताद, ईसीएम बदलून टाकू. जुन्या गाडीचा काय भरोसा?" ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा संगणक.

"दोन भाग अंदाजाने बदलले. तिसरा बदलणार नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या नळीला मी प्रेशर गेज जोडले. त्याची लांब नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली आणि गेज समोरच्या काचेवर बाहेरून चिकटपट्टीने बसवले. चालत्या गाडीत काटा दिसावा, एवढाच हेतू. मॅडमनी टाकी भरून घेतली. त्या चालवत होत्या, मी शेजारी बसलो.

काटा तीन बार दाबावर स्थिर होता. अंबड मागे पडले आणि तो थरथरू लागला. अडीच. दोन. इंजिनाने दोन आचके दिले आणि गाडी कपाशीच्या एका शेताशेजारी उभी राहिली. म्हणजे पेट्रोलच पोहोचत नव्हते. पंप नवा असूनही.

"आता रोज जे करता ते करा," मी म्हणालो. "काही वगळू नका. मी मध्ये बोलणार नाही."

मॅडमनी बॉनेट उघडले. आईला फोन केला. पाणी प्यायल्या. तेवढ्यात एक मोटारसायकलवाला थांबला.

"काय झालं मॅडम, पेट्रोल संपलं का?"

"आत्ताच टाकी भरली, भाऊ."

"बघा तर एकदा उघडून. पंपावाल्यानं गंडवलं असंल."

मॅडम मागे गेल्या आणि त्यांनी टाकीचे झाकण उघडले. सुस्स असा लांब आवाज आला. त्यांनी वाकून आत पाहिले, झाकण लावले आणि परत येऊन किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. काटा तीनवर गेला.

"झाकण दर वेळी उघडता?"

"रोज कुणीतरी तेच विचारतं. आधी लोकांना दाखवायला उघडायचे. आता मीच बघून घेते."

"हे मला का सांगितले नाही?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही विचारलं, किती वेळानं सुरू होते."

मी त्यांना गाडी पुढे घ्यायला सांगितले.

वडीगोद्रीला पोहोचून आम्ही परत फिरलो. वाटेत गाडी पुन्हा बंद पडली. या वेळी मी झाकणाला हात लावू दिला नाही. अर्धा तास थांबलो. इंजिन निवले, तरी गाडी सुरू झाली नाही.

"काका, शाळेत पोरांनासुद्धा मी इतका वेळ उभं करत न्हाई."

"आता झाकण उघडा."

सुस्स. पहिल्याच किल्लीला इंजिन सुरू झाले.

टाकीतून पेट्रोल जाते, तेवढी हवा आत यावी लागते. ती आली नाही तर आत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. गॅरेजमध्ये उभ्या गाडीला पेट्रोल थोडेच लागते, म्हणून तिथे पोकळी तेवढी वाढत नसे. इंजेक्शनच्या गाडीत ही हवा कॅनिस्टरमधून येते. पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ नये म्हणून बसवलेला हा कोळशाचा डबा. तो अडला तर झाकणातली छोटी झडप हवा आत घेते. मॅडमच्या गाडीचे मूळ झाकण हरवले होते. बाजारातून आणलेल्या झाकणात झडपच नव्हती.

गॅरेजमध्ये गाडी वर उचलली आणि कॅनिस्टरच्या हवेच्या नळीत तार घातली. बोटभर लांब वाळलेली माती बाहेर आली. तिच्या पोकळीत मेल्यासारखे कोळी भरलेले होते. कुंभारमाशीने नळीत घर बांधून पिलांसाठी ते साठवले होते. शाळेत गाडी दिवसभर नळाजवळच्या पत्र्याच्या शेडखाली उभी असते. तिथे ओली माती कायम असते.

"पंप नवा, सेन्सर नवा, अन् दोष माशीचा," रफिक म्हणाला.

"माशीने तिचे काम नीट केले होते," मी म्हणालो.

नळी साफ केली, तोंडाला बारीक जाळी बसवली, झडपेचे झाकण लावले. काढलेला जुना पंप चांगला होता. तो पुसून मॅडमच्या डिकीत ठेवला. रफिकने गाडी वडीगोद्रीपर्यंत दोनदा नेऊन आणली. काटा हलला नाही.

पंधरा दिवसांनी मॅडम पुन्हा आल्या. गाडी एकदाही थांबली नव्हती आणि भावाने नाशिकचा विषय सोडला होता. पुढच्या सीटवर त्यांची आई बसली होती. माझा आवाज ऐकून तिने मान वळवली.

"माशी काढणारे मिस्त्री तुम्हीच का?"

"हो, मावशी."

"मंग पहिले दोन डाव काय काढत होता?"

रफिक गाडीआड जाऊन हसला. मॅडम "आई!" म्हणाल्या. प्रश्न बरोबर होता.

तेव्हापासून कोणी म्हणाले की थोडे थांबल्यावर गाडी आपोआप सुरू होते, तर मी पाना उचलत नाही. थांबलेल्या वेळात तुम्ही काय काय केले, ते आधी विचारतो. लोक लांबण लावतात. मी शेवटपर्यंत ऐकतो. पंप बदलण्यापेक्षा त्याला कमी वेळ लागतो.