कदमताई आणि गच्चीवरचे बोंबील

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका, त्याबद्दल आधीच माफी मागते. कुणासमोर बोलायचं असतं तर एवढंही जमलं नसतं. कदमताई गेल्याचं कळलं ते सोसायटीच्या ग्रुपवर. सकाळची पाण्याची वेळ होती, मी बादल्या भरत होते. फोनवर त्यांचा फोटो आला. मला वाटलं, वाढदिवस असेल. खालची ओळ एकेक अक्षर लावत वाचली आणि... नळ तसाच वाहत राहिला. पाणी वाया घालवलं म्हणून ओरडणारी बाईच गेली होती.

आम्ही समुद्रकाठची माणसं. यांना बोईसरच्या कारखान्यात काम लागलं, बरीच वर्षं भाड्याच्या खोलीत काढली, मग सालवडला या इमारतीत जागा घेतली. स्वतःची म्हणायची, पण चपला कुठे काढायच्या, कपडे कुठे वाळत घालायचे, पाहुण्याची गाडी कुठे लावायची, सगळ्याला नियम. आणि त्या नियमांच्या सेक्रेटरी कदमताई. साताऱ्याकडच्या, खणखणीत आवाज, हातात कायम किल्ल्यांचा जुडगा. त्या जिन्यात दिसल्या की मी परत वर जायची.

पावसाळा संपला की माझी जाऊ गावाहून ओले बोंबील आणायची. दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून मी गच्चीवर दोरीला टाकायची आणि सुकले की बाजारात विकायची. यांचा पगार घराच्या हप्त्यात जायचा, बाकी घर त्या बोंबलांवर चालायचं. एक दिवस वॉचमन इंग्रजी कागद घेऊन आला आणि म्हणाला, गच्चीवर मासळी वाळवल्याचे पैसे भरायचे. मी भरले. पुढच्या महिन्यात पुन्हा कागद आला, पुन्हा भरले. आमच्या गावात मासळी वाळवायच्या जागेचे पैसे गावाला द्यावेच लागतात, त्यात नवल काय? उलट सोसायटीने जागा दिली म्हणून मला बरं वाटलं. मी आणखी एक दोरी बांधली.

मग एका दुपारी ताई तरातरा गच्चीवर आल्या. "हिरा, तुला काही वाटतं का गं? दर महिन्याला दंड भरतेस आणि वर दोऱ्या वाढवतेस?"

माझ्या तोंडातून कसंबसं निघालं, "ताई, भाडं तर मी येळेवर देते..."

"कसलं भाडं?"

"या जागेचं. आमच्या गावाला पन घेतात."

ताई टाकीच्या कट्ट्यावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं बाई! मी तुला शिक्षा करतीय आणि तू मला भाडं देतीयस होय!" मग हसू ओसरलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "तुला कागद वाचता आला नाही. इंग्रजीत मीच काढला... आणि सभेला न विचारता काढला."

आता दोऱ्या उतरवायला लावणार असंच मला वाटलं. पण त्यांनी खालून उदबत्ती आणली, पेटवली आणि भर उन्हात गच्चीभर फिरून धूर कुठे जातो ते पाहिलं. वारा समुद्राकडून येत होता. पूर्वेच्या कठड्याजवळ, टाकीमागे, धूर सरळ पलीकडच्या मोकळ्या जागेवर गेला. "इथं वाळव. मटण मीही खाते गं, पण तुझा बोंबील मेल्यावरसुद्धा फार बोलतो. इथून बोलला तर निदान कावळ्यांशी बोलेल."

सभेत दुसऱ्या मजल्यावरचे तिवारीजी म्हणाले, "मैडम, हमारे यहाँ पूजा में भी मछली आ जाती है, नाक के रास्ते!" सगळे हसले, मी जमिनीकडे पाहत बसले. ताईंनी आधी स्वतःची चूक सांगितली, मग उदबत्तीचं सांगितलं. कोपरा मंजूर झाला, तिवारीजींच्या पूजेचे दिवस सोडून. दंड परत द्यायचाही ठरला, पण ते पैसे पंपाच्या दुरुस्तीत गेले होते, म्हणून थोडेथोडे देऊ म्हणाल्या. जिन्यात मी त्यांना म्हटलं, "ऱ्हाऊ द्या ताई पैसे. कोपरा मिलाला, बास."

त्या चिडल्याच. "राहू द्यायचे नाहीत! पैसे सोडलेस तर कोपरा मेहरबानीचा होतो. उद्या दुसरी कमिटी येईल आणि मेहरबानी काढून घेईल. तू इथली सभासद आहेस हिरा, पाहुणी नाहीस."

ताईंचं सगळंच मला पटायचं असं नाही. ओल्या टोपल्या लिफ्टमधून न्यायच्या नाहीत, हा नियम त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही, माझी जाऊ अजून त्यांच्यावर रागावलेली आहे. गावच्या घरी मला कुणाला विचारावं लागत नव्हतं, इथे चप्पल ठेवायलाही विचारावं लागतं. पण भाड्याच्या खोलीत मालकाने पाणी तोडलं की आम्ही सगळे गप्प बसायचो. इथे पंप बिघडला की सगळ्यांचाच बिघडतो. कारखान्यात यांचा हात भाजला तेव्हा ताईंनी तिवारीजींना झोपेतून उठवून गाडी काढायला लावली, आणि बोंबलांवर बोलणारे तेच तिवारीजी दवाखान्यात माझ्याशेजारी बसून राहिले. ही माणसं मला ताईंच्या नियमांनीच मिळाली, असं आता वाटतं.

मग ताईंना आजाराने धरलं. पैसे परत मिळायचे थांबले, मीही विचारलं नाही. त्या गेल्यानंतरच्या पहिल्या सभेत नव्या कमिटीतलं कुणीतरी म्हणालं, "आता गच्ची मोकळी करू. ते कदमबाईंनी आपलं दयेपोटी चालवलं होतं." सगळे माना डोलवू लागले. मी उठले.

"दया नाय. माजे दंडाचे पैसे सोसायटीकडं बाकी हायेत, ते द्या. आनि कोपरा सभेनं दिलाय. काडायचा तर सभेत हात वर करून काडा."

तिवारीजी आता खजिनदार आहेत. ते म्हणाले, "अरे, भाभीजी बोलती भी हैं!" मग इकडेतिकडे पाहून म्हणाले, "सही बात है. किसको निकालना है, हाथ उठाओ." कुणीच हात वर केला नाही.

दुसऱ्या दिवशी तिवारीजी स्वतः बाकीचे पैसे घेऊन गच्चीवर आले. मी टाकीमागे बोंबील अडकवत होते. हात पदराला पुसले, त्यांच्यासमोरच नोटा मोजल्या. पूर्ण होत्या.