कापून ठेवलेली पाकिटं

एलिहिओ सांदोवालइतका नीटनेटका माणूस अख्ख्या सॅन अँटोनिओत नसेल. त्या नीटनेटकेपणाचं मला एके काळी भारी कौतुक होतं. आता त्या नीटनेटकेपणाचं नाव काढलेलंही मला सोसवत नाही.

लष्करासाठी रक्त थांबवणाऱ्या नव्या पट्ट्या तपासायचं आमचं काम. डुकराला भूल दिली की डॉक्टर त्याच्या मांडीची धमनी कापायचे, एलिहिओ जखमेत पट्टी कोंबून दाबून धरायचा आणि रक्त थांबायला किती वेळ लागतो ते मी घड्याळ लावून मोजायची. वीस वर्षांत त्याचा हात थरथरलेला मी पाहिला नाही. भुलीआधी मात्र डुकराच्या कानामागे खाजवून म्हणायचा, "माफ कर रे जाड्या." आम्ही सगळे त्याला हसायचो.

चाचणीच्या आदल्या दिवशी तो पट्ट्यांच्या पाकिटांची टोकं कात्रीने कापून ठेवायचा. ऐन वेळी धांदल नको म्हणून. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नाही. पट्टी त्याच्या हातात आली की मी घड्याळ चालू करायची.

अशीच एक पट्टी आमच्याकडे पहिल्या नंबराने पास झाली आणि सैनिकांच्या हाती गेली. पुढे दीड वर्षाने विटलॉक नावाचा सैनिक आमच्याकडे आला. इराकात जखमींवर उपचार करायचं काम त्याच्याकडे होतं.

"पट्टी झकास आहे तुमची," तो म्हणाला, "पण पाकीट फाटेल तर शपथ! माझे हात रक्ताने बुळबुळीत. शेवटी दातांनी तोडलं. तोवर आमच्या तुकडीतला कांतू गेला."

एलिहिओ पांढराफटक पडला. "पाकिटं मी कापून ठेवायचो," एवढंच बोलला.

"अरे, पाकिटाचं नियमातच नव्हतं, तुझा काय दोष?" असं म्हणत आमच्या साहेबांनी त्याची समजूत घातली. चाचणीच्या तक्त्यात पाकीट उघडायच्या वेळेसाठी नवा रकाना आला, पाकिटालाही फाडायला खाच आली. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण एलिहिओ थांबला नाही. कांतूची आई लारेडो गावात राहते, हे त्याने विटलॉककडून काढून घेतलं.

"रेनाता, त्या माउलीसमोर एकदा उभा राहिल्याशिवाय मी काही मरत नाही बघ," तो मला म्हणाला.

मी त्याला अडवायला हवं होतं. उलट गाडी मीच चालवली. घड्याळ माझ्या हातात होतं ना! मलाही कुणीतरी माफ करायला हवं होतं.

कांतूच्या आईने, ओफेलियाबाईंनी आम्हाला कॉफी दिली, गोड पाव दिला. मुलाच्या कामावरची माणसं आली म्हणून त्या खूश होत्या. एलिहिओने टोपी काढली आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. मग मान खाली घालून म्हणाला, "बाई, मला शिव्या घाला."

"शिव्या घालून काय करू?" बाई म्हणाल्या. "देव आला असता तरी तुमचा मुलगा वाचला नसता, असं लष्करातले लोक मला सांगून गेले होते. तेवढ्यावर मी दोन वर्षं काढली. तुम्ही कशाला आलात हो?"