आईंना दिसलेला तिसरा

माझ्या बायकोचा, वर्षाचा फोन आला तेव्हा मी मोटरवेवर होतो, घरी यायला अजून बराच वेळ होता. "आई गेली रे... जेवून पडली होती, मी ऑफिसातून लवकर आले, चहाला उठवायला गेले तर..." एवढंच ती बोलली. मग ती रडायला लागली. रडता रडताच म्हणाली, "सकाळी मला हाक मारून म्हणाली, वर्षा, तुझ्या डब्यात लोणचं घातलंय." त्या रडण्यात सुटकाही होती. ती मला लगेच कळली, कारण गेली काही वर्षं आम्ही दोघं मनातून एकाच गोष्टीला घाबरत होतो.

माझ्या सासूबाई, सुलभा परब. मीही त्यांना आईच म्हणायचो. माहेर वेंगुर्ल्याचं, संसार लालबागला. सासरे गेल्यावर वर्षाने त्यांना ऑकलंडला, फ्लॅट बुश या उपनगरातल्या आमच्या घरी आणलं. घर मोठं, पण सकाळी आम्ही दोघं गाड्या काढून ऑफिसला आणि आमची मुलगी रिया शाळेत गेली की संध्याकाळपर्यंत त्या एकट्याच. आमच्या रस्त्यावर दुपारी माणूस दिसत नाही. त्यांना ही शांतता अंगावर यायची, पण तक्रार करायचा स्वभाव नव्हता.

त्याच सुमारास मी खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीचं माझं जुनं वेड पुरं करायला घेतलं. जेवणघराच्या भिंतीला चार फुटी टाकी लावली, गाळलेल्या पाण्यात समुद्री मीठ कालवलं, पंप बसवले. अवोन्डेलला एकजण आपली टाकी मोडत होता, त्याच्याकडून खडक आणले. हे खडक म्हणजे नुसते दगड नव्हेत, त्यांच्या भोकाभोकांत जिवाणू वस्तीला असतात आणि तेच पाणी स्वच्छ ठेवतात. ते नीट रुजेपर्यंत टाकीत मासे सोडायचे नसतात. आई रोज विचारायच्या, "अजयराव, मासे कधी?" मी म्हणायचो, "अजून महिनाभर तरी." "मग नुसत्या पाण्याला ही दिवाबत्ती कशाला?" एकदा त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि आमच्या वेंगुर्ल्याचं पाणी याहून खारट, असा निकाल दिला. शेवटी केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे आणि शेवाळ खायला थोड्या गोगलगायी आल्या. आईंनी त्यांच्याकडे आयुष्यभर बाजारात बघायच्या त्याच नजरेने बघितलं. "मासे खायचे असतात हो, बघायचे नसतात," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून खुर्ची घेऊन टाकीसमोर बसायला लागल्या.

संध्याकाळी मग बातम्या मिळायच्या. कोण रुसलं, कोणी कोणाला ढकललं. आम्हाला बरं वाटायचं. आणि एके दिवशी जेवताना त्या सहज म्हणाल्या, "आज तिसरा आला होता बाहेर." मी म्हटलं, आई, दोनच आहेत. "ते दोन वेगळे. हा खडकात राहतो. मला बघितलं की आत जातो." मी टॉर्च मारून सगळे खडक बघितले. काही नव्हतं. पण तिसरा रोज यायला लागला. कधी त्याला हात होते, कधी डोळे. "गोगलगायींना तोच खातोय," असंही त्या म्हणायला लागल्या. रिया मला बाजूला घेऊन म्हणाली, "आजी इज सीइंग थिंग्ज, डॅड." वर्षाची मावशी शेवटी पोटच्या मुलांना ओळखेनाशी झाली होती, आणि त्याची सुरुवातही अशीच झाली होती... घरात न आलेली माणसं दिसण्यापासून.

आम्ही त्यांना जीपीकडे, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला सांगितले. आईंनी सगळं नीट केलं, आणि उठताना वर्षाला म्हणाल्या, "त्याला सांग, तिसरा आहे म्हणून." वर्षाने भाषांतर केलं. डॉक्टर सौम्यपणे म्हणाला, स्पेशालिस्टला दाखवून घेऊ. आईंना सगळं समजलं होतं. घरी आल्यावर चपला काढता काढता त्या एवढंच म्हणाल्या, "मला वेड लागलं असेल तर तसं सांगा. पण मी बघितलंय."

पुढच्या आठवड्यात मला सर्दी झाली म्हणून मी घरूनच काम करत होतो. दुपारी आईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तोंडावर बोट धरून मला टाकीकडे नेलं. टाकीचे दिवे मी टायमरवर लावले होते, संध्याकाळी आम्ही आल्यावर मजा बघता यावी म्हणून. म्हणजे भर दुपारी टाकी अंधारात आणि घर सामसूम, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही गप्प बसून राहिलो. बऱ्याच वेळाने एका भोकातून आधी एक नांगी आली, मग दुसरी, आणि मग सुपारीएवढा काळपट खेकडा बाहेर येऊन गोगलगायीचा शंख उलटसुलट करायला लागला. अवोन्डेलच्या खडकात बसून तो आमच्या घरी आला होता!

मी तिथूनच वर्षाला फोन लावला. माझ्या हातातून तो काढून घेत आई जवळजवळ ओरडल्याच, "कुर्ली आसा गो ती! कुर्ली!" पलीकडे वर्षा ऑफिसच्या कार पार्कमध्ये उभी राहून हसत होती, रडत होती. आई मात्र खेकड्याचा अंदाज घेत होत्या. "एवढीशी ती. कढीलासुद्धा पुरायची नाही." टाकीत ठेवलेल्या ग्लासात कोळंबीच्या डोक्याचं आमिष लावून त्यांनीच मला तो पकडायला लावला, आणि आम्ही त्याला खाली एका वेगळ्या छोट्या टाकीत हलवलं. स्पेशालिस्टकडेही गेलो. तो म्हणाला, या वयात इतकं शाबूत डोकं क्वचित बघायला मिळतं. त्या रात्री वर्षा किती दिवसांनी गाढ झोपली.

त्यानंतर आई दोन वर्षं होत्या. त्या काळात तिसऱ्याच्या गोष्टी रियाने आजीकडून मोडक्या मराठीत पुन्हा पुन्हा वदवून घेतल्या. आणि त्या गेल्या त्या झोपेत, शेवटच्या दिवसापर्यंत सगळ्यांना नावानिशी ओळखत. दुःख आहेच, पण त्याच्याखाली काहीतरी निवांत आहे. अंत्यविधीनंतर वर्षा म्हणालीसुद्धा, "मला जे वाटत होतं तसं नाही झालं रे."

आता शनिवारी दुपारी वर्षा जेवणघरात बसते. पूर्वी ती टाकीकडे ढुंकून बघायची नाही. मधेच तिची हाक येते, "ए, इकडे ये, तिथे मागे काहीतरी हललं." "नक्की का?" असं मी विचारत नाही. हातातलं काम ठेवतो आणि बघायला जातो.